नकाशा दोन्हीकडे हुबेहूब सारखा, तरी लाल बाजूच का जिंकते?

पाँडकाठ (नेरुळ)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण तुकड्यातुकड्यांनी विचारला तर उत्तर हाती लागणार नाही, म्हणून सगळं एकदम लिहिते.

मी नेरुळला राहते. दिवसा महापेला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते आणि रात्री, आता दोन वर्षं होतील, युनिटी या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खेळ बनवतेय. चार विरुद्ध चार. बंदुका नाहीत, पिचकाऱ्या आहेत. तीन फवारे लागले की गडी बाद, आणि पाच सेकंदांनी तो पुन्हा आपल्या गेटावर उभा राहतो. कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागे, उजव्या खांद्यावरून बघणारा.

नकाशा आमच्या सेक्टरमागच्या होल्डिंग पाँडवरून घेतलाय. नवी मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते: आपलं शहर भरतीच्या पातळीला चिकटून बसलंय, म्हणून पावसाचं पाणी साठवायला सिडकोने हे तलाव ठेवलेत. भरती आली की खाडीकडची झापं मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि साठलेलं पाणी निघून जातं. माझ्या नकाशात तलावाच्या मधोमध पंपघर आहे, त्याच्याकडे जायला बांध, कडेने तिवरं, आणि दोन्ही काठांवर एकेक सोसायटी. पूर्वेची लाल, पश्चिमेची निळी. गेटातून निघायचं, कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने पळायचं, भिंत संपली की वळून पंपघरावर चाल करायची. पंपघरात उभं राहून ज्या संघाचे 100 सेकंद आधी भरतील त्याने राउंड जिंकला.

दोन्ही बाजू सारख्या असाव्यात म्हणून मी पूर्वेचा अर्धा भाग नीट बनवला, त्याची प्रत घेतली आणि स्केलमध्ये एका अक्षाला वजा एक टाकून, म्हणजे आरशातल्यासारखी पालटून, ती पश्चिमेला लावली. गेटावरची सोसायटीची पाटी तेवढी उलटी वाचली जात होती, ती हाताने बदलली. बाकी अंतर मोजलं, पळायला लागणारा वेळ मोजला. दोन्ही गेटांपासून पंपघराचं दार बरोबर नऊ सेकंदांवर.

दर शनिवारी सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये आठ लॅपटॉप जोडून मुलं खेळतात. बहुतेक सातवी ते दहावीची, दोन-तीन कॉलेजची. मी वहीत निकाल लिहिते. आजवर 31 राउंड झाले. लाल 22, निळे 9.

आता निळ्या बाजूला बसायला कोणी तयार होत नाही. चिठ्ठ्या टाकल्या तरी रुसवे. आठवीतला एक मुलगा आहे, तो तीन शनिवार चिठ्ठीत निळा आला आणि तीनही शनिवार हरला. मागच्या वेळी त्याच्याच संघातली मुलं त्याला म्हणाली की तुला खेळताच येत नाही, तुझ्यामुळे हरतो. तो काही न बोलता चप्पल घालून घरी गेला. तो वाईट खेळत नाही. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून बघत होते. भिंतीच्या टोकाशी पोचायचा, डोकावायचा आणि फवारा कुठून आला हे कळायच्या आत भिजलेला असायचा. हे एकदा नाही, त्याच कोपऱ्यावर चार वेळा झालं.

गणपतीत मंडळाच्या मांडवात याच खेळाची स्पर्धा ठेवायची असं ठरलंय. पाच आठवडे आहेत. हे असंच राहिलं तर मी स्पर्धा घेणार नाही, कारण चिठ्ठी उघडली की निकाल ठरला असं मुलांना वाटायला लागलंय. हे नशीब आहे, नकाशाचा दोष आहे, की लाल रंगाचा काही परिणाम असतो? एका मुलीने विचारलं, ताई, निळ्यांच्या डोळ्यांवर ऊन येतं का? उलट आहे. सूर्य मी खाडीकडे, मावळतीला ठेवलाय, म्हणजे ऊन लालवाल्यांच्याच तोंडावर. तरी तेच जिंकतात.

घणसोली_गणित

आधी नशिबाचं बघू. नाणं उडवून निकाल लावले असते तर 31 पैकी 22 किंवा त्याहून जास्त एकाच बाजूला जायची शक्यता, कुठलीही बाजू धरली तरी, शंभरात साधारण तीन. म्हणजे अशक्य नाही, पण "असंच झालं असेल" म्हणून सोडून द्यावं इतकी मोठीही नाही. दखल घ्या.

रंगाबद्दल: 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्ध, तायक्वांदो आणि कुस्तीच्या दोन प्रकारांत खेळाडूंना लाल-निळे पोशाख चिठ्ठीनेच मिळाले होते, आणि लालवाल्यांनी साधारण 55 टक्के लढती जिंकल्या. हिल आणि बार्टन या दोघांनी ते 2005 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं. पण तुमच्याकडे 71 टक्के आहेत. एवढी मोठी तफावत रंगावर ढकलू नका, कारण दुसरीकडे आहे.

मला दोन गोष्टी सांगा. होस्ट, म्हणजे ज्यावर खेळ चालतो आणि बाकीचे ज्याला जोडलेले असतात तो, कोणाचा लॅपटॉप असतो? आणि तो कुठल्या संघात असतो?

पाँडकाठ (नेरुळ)

होस्ट माझाच लॅपटॉप. बॅटरी गेलेली असल्यामुळे तो भिंतीजवळच्या प्लगलाच लावावा लागतो, आणि लाल संघ त्याच टेबलावर बसतो. म्हणजे होस्टवर खेळणारा दर वेळी लालच. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाकीचे सात वायफायवर.

रबाळे_रात्रपाळी

मग एक दोष इथेच सापडला. होस्टवर बसलेल्याला जाळ्यातून जायचंच नसतं, त्याचं बटण त्याच क्षणी लागू होतं. बाकी सातजणांचं बटण वायफायवरून फिरून येतं. क्लब हाउसच्या राउटरवर आठ लॅपटॉप म्हणजे कधी पाच मिलिसेकंद, कधी चाळीस. कोपऱ्यावर दोघं समोरासमोर आले की एवढा फरक पुरतो.

दुसरं, कोड उघडून बघा. खेळ चालवणारा सर्व्हर, तुमच्याकडे तो होस्टच, सेकंदाला ठरावीक वेळा जग पुढे सरकवतो, त्याला आपण टिक म्हणतो. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या खेळात 64, व्हॅलोरंट या तशाच खेळात 128. तुमच्याकडे किती आहेत माहीत नाही, बहुधा 30 किंवा 50. एकाच टिकमध्ये दोघांचे फवारे एकमेकांना लागले तर काय होतं? बहुतेक नवीन खेळांत खेळाडूंची एक यादी असते आणि कोड पहिल्यापासून सुरू होतो. पहिल्याचा फवारा लागला, दुसरा बाद झाला, मग दुसऱ्याची पाळी आल्यावर तो बाद म्हणून त्याचा फवारा मोजलाच जात नाही. यादीत लाल आधी भरले असतील तर प्रत्येक बरोबरी लालच्या खिशात. टिक जितके कमी तितक्या अशा बरोबऱ्या जास्त.

उपाय: एका टिकमधले सगळे फवारे आधी गोळा करा, मग सगळ्यांची इजा एकदम लावा. दोघंही बाद झाले तर होऊ द्या. आणि होस्टला खेळातून काढा. कोणाकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर तो नुसता सर्व्हर म्हणून ठेवा.

खांब_ते_खांब (ठाणे)

मला कॉम्प्युटरच्या खेळातलं फार कळत नाही. मुलगा इथे वाचतो, त्याने दाखवलं म्हणून लिहितोय. मी ठाण्यात वीस वर्षं मुलांना खो-खो शिकवतो.

ताई, तुम्ही दोन्ही बाजू सारख्या करण्यामागे का लागलात? खो-खोत दोन्ही बाजू कधीच सारख्या नसतात. एक संघ पाठलाग करतो, दुसरा पळतो. पाठलाग करणारे नऊ मैदानात, त्यातले आठ पाटीवर आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेले, आणि धावणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागे फिरायचं नाही. पळणारे तिघंतिघं येतात, त्यांना असली कुठलीच बेडी नाही. दोघांची कामं दोन टोकांची. तरी कोणी अन्याय झाला म्हणत नाही, कारण नऊ मिनिटांनी पाळी पालटते. तू पळलास, आता मी पळतो. दोन डावांत दोघांनी दोन्ही कामं केली, गडी मोजले, निकाल लागला.

बॅडमिंटनमध्येही बघा. कोर्ट आखून सारखं, तरी प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात आणि तिसऱ्या गेममध्ये 11 गुणांवर पुन्हा बदलतात. हॉलमध्ये वाऱ्याची झुळूक कुठून येते ते आखणीत दिसत नाही. तुमच्या तलावातसुद्धा न दिसणारा वारा असेल. तो शोधत बसण्यापेक्षा पाळी पालटा. मुलांना समजेल.

आणि त्या आठवीतल्या मुलाला बोलवायला स्वतः त्याच्या घरी जा. निरोप पाठवू नका.

पाँडकाठ (नेरुळ)

काका, काल संध्याकाळी गेले होते. त्याने दार उघडलं आणि पहिलं वाक्य असं, "ताई, मला निळं देऊ नका." मी म्हटलं, निळं का हरतं ते शोधायला मला तूच हवा आहेस, तो कोपरा तुझ्याइतका कोणी बघितला नाही. येतो म्हणालाय.

पाळी पालटायचं मला पटतंय आणि स्पर्धेत ते करणारच. काउंटर-स्ट्राइक तर त्याच्यावरच उभा आहे; डस्ट 2 सारख्या नकाशात एकाने हल्ला करायचा, दुसऱ्याने राखायचं, आणि बारा राउंडनंतर बाजू बदलायची. न्यूक हा नकाशा वर्षानुवर्षं राखणाऱ्यांना सोपा म्हणूनच ओळखला जायचा, तरी मोठमोठ्या स्पर्धांत खेळला गेला, कारण दोघांनाही तो सोपा अर्धा मिळतो.

पण मनात एक अडतं. खो-खोत पळणाऱ्याला माहीत असतं की आपलं काम वेगळं आहे. तो त्याची तयारी करतो, किती वेळ टिकलो ते अभिमानाने सांगतो. माझ्या खेळात मी मुलांना सांगितलंय की दोन्ही बाजू सारख्या आहेत. मी सारख्या म्हणते म्हणून हरलेला मुलगा स्वतःला दोष देतो. बाजू बदलून एकूण बेरीज जुळेल, पण निळ्यात घालवलेला अर्धा वेळ तसाच राहील. वेगळ्या बाजू द्यायच्या तर वेगळ्या म्हणून द्यायला हव्यात. सारख्या म्हणायच्या तर त्या सारख्या असायला हव्यात.

खारीगाव_कोपरा

मी नकाशे बनवतो, आधी हौसेने आणि आता पगारी. तुमचा प्रश्न वाचताना दोन जागी थांबलो. एक, "पाटी उलटी वाचली जात होती". दोन, "भिंतीच्या टोकाशी डोकावायचा आणि भिजलेला असायचा". रात्रपाळीवाल्यांनी सांगितलेले दोष खरे आहेत आणि ते काढाच, पण ते काढूनही निळे हरत राहतील असं मला वाटतं.

हाताचा पंजा समोर धरा. दुसरा पंजा त्याच्या बाजूला. दोघं आकाराने सारखे, पण डाव्याचा मोजा उजव्या हातात जात नाही. आरशात बघून बनवलेली गोष्ट मूळ गोष्टीसारखी दिसते, पण तिची उजवी-डावी पालटलेली असते. पाटीने तुम्हाला तेच सांगितलं होतं. तुम्ही पाटी सुधारलीत. भिंती, गेट, कोपरे सगळे मात्र उलटेच राहिले.

खेळाडूही आरशात पालटला असता तर काही बिघडलं नसतं. पण तुमचे आठही खेळाडू उजव्या खांद्याचे आहेत. कॅमेरा सगळ्यांच्या उजव्या खांद्यावर.

आता लाल गेटातून निघा. पंपघर डावीकडे, मध्ये भिंत. भिंत डाव्या हाताला ठेवून पळत गेलात, टोकाला पोचलात, पंपघराकडे तोंड केलंत. भिंत अजून डाव्या हाताला आहे आणि तुम्ही उजवीकडून डोकावताय. कॅमेरा उजव्या खांद्यावर असल्यामुळे तो भिंतीच्या कडेपलीकडे आधी पोचतो, अंग मागे राहतं. तुम्हाला पूर्ण पंपघर दिसतं आणि समोरच्याला तुमचा जेमतेम खांदा.

निळ्या गेटातून तेच करा. आता भिंत उजव्या हाताला. डोकवायचं डावीकडून. कॅमेरा उजवीकडे, म्हणजे भिंतीच्या आड. पलीकडचं दिसायचं तर आधी अख्खं अंग बाहेर काढावं लागतं. तुमचा तो मुलगा हेच करत होता. तो आधी दिसत होता आणि नंतर बघत होता. एवढ्यात तीन फवारे सहज बसतात.

पबजी किंवा बीजीएमआय मागून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात खेळणाऱ्या कोणालाही विचारा, झाडाच्या किंवा भिंतीच्या उजव्या बाजूनेच बघ म्हणून सांगेल. तिथे निदान डावीकडे झुकायचं बटण असतं आणि झुकलं की कॅमेराही त्या बाजूला येतो. डोळ्यांतून दिसणाऱ्या खेळात हा दोष जवळपास नसतो, कारण डोळा डोक्याच्या मधोमध धरलेला असतो.

हे खरं की मी नुसता कोपऱ्याचा नाद लागलेला माणूस आहे, ते तपासायला पाच मिनिटं लागतील. कॅमेऱ्याचं आडवं अंतर कुठल्यातरी आकड्यात असेल, समजा 0.6. त्याच्यापुढे वजाचं चिन्ह लावा. सगळे खेळाडू डाव्या खांद्याचे झाले. नकाशाला हात लावू नका, सूर्याला लावू नका, मुलं तीच ठेवा. निळे जिंकायला लागले तर दोष कोपऱ्याचा. लालच जिंकत राहिले तर मी चुकलो.

आणि दोष तोच निघाला तर अर्धा भाग आरशात पालटू नका. पंपघराच्या मध्यावर खिळा ठोकला आहे असं समजा आणि त्या खिळ्याभोवती अर्धा फेरा, 180 अंश, फिरवा. फिरवलेल्या गोष्टीची उजवी-डावी बदलत नाही. निळ्यांचं गेट तलावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल, आणि त्यांचीही भिंत डाव्या हाताला येईल.

रबाळे_रात्रपाळी

हे मला सुचलं नसतं. एक भर: वजा स्केल लावलेल्या वस्तूंवर युनिटीचे बॉक्स कोलायडर, म्हणजे वस्तूला टक्कर कुठे लागते ते ठरवणारे अदृश्य चौकोनी खोके, नीट चालत नाहीत, तशी सूचनाही कन्सोलमध्ये, म्हणजे सूचनांच्या खिडकीत, येते. निळ्या बाजूला पिवळ्या सूचना दिसत असतील तर फवारे अदृश्य कडांना अडत नाहीत ना, तेही बघा.

पाँडकाठ (नेरुळ)

पिवळ्या सूचना होत्या. टेस्टर असून मी त्या दोन महिने बघून सोडून दिल्या. काल रात्री निळ्या भिंतीवर शंभरेक फवारे मारून पाहिले, अडकत तरी नाहीत. ते निस्तरलं. आता खांद्याची चाचणी शनिवारी.

सीवूड्स_डोटा

खारीगाव, फिरवण्याला माझी हरकत नाही, पण फिरवलं की दुसरी गोष्ट जन्माला येते ती ताईंना आधीच माहीत असू दे.

आरशासारख्या नकाशात समोरासमोरच्या दोघांची वाट एकच असते. डाव्या वाटेवर जे लालला, तेच तिथल्या निळ्याला. अर्धा फेरा फिरवला की लालची डावी वाट ही निळ्यांच्या डाव्या वाटेसारखी होते, आणि निळ्यांची डावी म्हणजे लालची उजवी. त्यामुळे एकेक वाट धरली तर ती असमान होऊ शकते. डोटा हा दोन संघांचा, तीन वाटांचा कॉम्प्युटर खेळ असाच आहे. रेडियंट संघाची सुरक्षित वाट खालची, डायर संघाची वरची, आणि प्रत्येकाच्या सुरक्षित वाटेवर समोरच्याचा सगळ्यात चिवट गडी उभा असतो. पूर्ण नकाशा तोलला जातो, पण वाटा कलतात. खेळ त्यातूनच रंगतो, फक्त तुमच्या मुलांना ते आधी सांगा.

दुसरं, मधली वस्तूही फिरवून बघा. डोटात रोशन या राक्षसाची गुहा, जिच्यासाठी दोन्ही संघ झगडतात, बरीच वर्षं एकच होती, आणि ती कोणाला जवळ पडते यावर लोक हमरीतुमरीवर यायचे. एप्रिल 2023 च्या 7.33 या आवृत्तीत नदीच्या दोन्ही टोकांना एकेक गुहा दिली आणि दिवस-रात्रीप्रमाणे रोशन इकडून तिकडे जायला लागला. तुमच्या पंपघराला दारं किती आहेत?

पाँडकाठ (नेरुळ)

एक. आणि ते आत्ता दोन्ही संघ येतात त्या बाजूला. फिरवलं तर निळ्यांना पंपघराला वळसा घालावा लागेल. बरं झालं विचारलंत, हे मी स्पर्धेच्या दिवशी शिकले असते.

खारीगाव_कोपरा

दुसरं दार पाडा, पहिल्याच्या बरोबर विरुद्ध. आणि सूर्य काढा. सूर्य फिरत नाही, तो एकाच जागी राहणार, म्हणजे सावल्या एका बाजूच्या वेगळ्या, दुसऱ्या बाजूच्या वेगळ्या. होल्डिंग पाँडचाच नकाशा आहे ना, आभाळ श्रावणातलं करा. भरून आलेलं, कुठूनही ऊन नाही.

पाँडकाठ (नेरुळ)

तीन शनिवार झाले. वहीतलं जसंच्या तसं देते.

पहिल्या शनिवारी सोसायटीतल्या एका काकांचा जुना लॅपटॉप फक्त सर्व्हर म्हणून ठेवला आणि फवारे एकदम मोजायला लावले. बाकी काही बदललं नाही. 24 राउंड, लाल 15, निळे 9. म्हणजे आधीपेक्षा बरं, पण झुकाव लालकडेच. एकाच टिकमध्ये दोघं बाद होण्याचे प्रसंग मी मोजायला लावले होते. चोवीस राउंडमध्ये अकरा निघाले. आधी या सगळ्यांचा निकाल यादी लावत होती.

दुसऱ्या शनिवारी खांदा बदलला. मुलांना काय बदललंय ते सांगितलं नाही, फक्त म्हटलं की आज कॅमेरा वेगळा वाटेल. 20 राउंड झाले. निळे 13, लाल 7. पहिल्या तीन-चार राउंडमध्ये सगळेच चाचपडत होते, नंतर निळ्यांनी ओळीने सहा घेतले. आठवीतला तो मुलगा निळ्यातच होता, स्वतः मागून घेतलं होतं. सातव्या राउंडला त्याने खेळ सुरू असतानाच मान वळवून मला म्हटलं, "ताई, आता भिंत मधे येत नाही." मी त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. त्याला नेमकं काय अडत होतं ते त्याने एका वाक्यात सांगितलं, आणि मी दोन महिने अंतरं मोजत बसले होते.

मग आठवडाभर रात्री बसून पश्चिमेचा अर्धा भाग पुसला आणि पूर्वेचा 180 अंशांत फिरवून लावला. पंपघराला दुसरं दार पाडलं. आभाळ भरून आणलं. खांदा पुन्हा उजवा केला. काल 26 राउंड झाले: लाल 14, निळे 12.

घणसोली_गणित

छान. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 26 मध्ये 14-12 आलं म्हणून नकाशा समतोल सिद्ध झाला असं म्हणता येत नाही, मोठा झुकाव गेला एवढंच म्हणता येतं. 50 आणि 55 टक्क्यांतला फरक पकडायला काही शे राउंड लागतात. वही बंद करू नका.

पाँडकाठ (नेरुळ)

करणार नाही. स्पर्धेतही प्रत्येक राउंडची बाजू लिहायला एक मुलगी नेमली आहे, आणि प्रत्येक सामन्यात अर्ध्यावर बाजू बदलणार. काका, ते तुमचं.

सीवूड्स म्हणाले तसं वाटांचंही झालं. आता तिवरांकडून येणारी वाट ज्या त्या संघाला आपल्या गेटाजवळ सोपी आणि समोरच्याच्या गेटाजवळ अवघड आहे. मुलांनी काल तासाभरात तिला नावं पाडली, घरची वाट आणि परकी वाट. मी नाव सुचवलं नव्हतं. आठवीतला मुलगा आता परकी वाटच मागून घेतो.

एक काम राहिलं होतं ते आज सकाळी केलं. निळ्या गेटावर मी हाताने बदलून लावलेली पाटी होती, ती काढून टाकली. फिरवलेल्या भागात मूळ पाटीच सरळ वाचता येते.